वजा एक

फोन आला तेव्हा जया नगरच्या प्रोफेसर कॉलनी चौकात भाजीवाल्यापुढे उभी होती. सर्व्हिसचा मोबाईल. तो कंपनीत आळीपाळीने एकेकाकडे असे आणि या आठवड्यात तिच्याकडे होता. सुटीच्या दिवशी वाजला की बहुतेक कुणीतरी काहीतरी साधंच विचारायचं, फ्यूज कुठला टाकू, माणूस कधी पाठवताय. तिने मेथीची जुडी नाकाशी नेत दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला. पलीकडे बाईचा आवाज होता. दमलेला, पण चिडलेला नव्हता, आणि तो चिडलेला नव्हता हेच नंतर तिला जास्त लागलं. "राजूरहून बोलतेय, पंकजा सिस्टर. तुमचा बेबी वॉर्मर आहे आमच्या दवाखान्यात. मॅडम, बाळ गार पडलं होतं. आणि मशीन छत्तीस पॉइंट पाच दाखवत होतं."

"बाळ?" जया एवढंच म्हणाली.

"आता बरं आहे. आईनं सहज पाय हातात घेतले म्हणून कळलं. आईच्या छातीशी बांधलं, वरून शाल. आता ऊब आलीय, दूध ओढतंय. पण अलार्म वाजला नाही बघा. प्रोबची वायर जरा ढिली वाटतेय. मी ती हलवून पाहिली, तरी आकडा तोच."

"ते मशीन वापरू नका. बंद करा. लगेच."

"केलंय बंद," सिस्टर म्हणाली, आणि मग थोडं थांबून, जणू जयाचीच समजूत घालावी तसं, "होतं असं कधी कधी मशीनचं."

फोन बंद झाल्यावरही जयाने तो कानाशीच धरला होता. भाजीवाला तिच्याकडे बघत होता. जुडी कधी खाली ठेवली ते तिला कळलं नाही, पण मेथीचा कडू हिरवा वास बोटांना राहिला होता आणि त्या वासात, उन्हात उभी असताना, तिचे तळपाय गार पडल्यासारखे वाटत होते. आकडा तोच. वायर हलवली, तरी आकडा तोच. ढिल्या वायरीतून येणारा आकडा उड्या मारतो. आकडा स्थिर राहिला याचा अर्थ एकच, की पडद्यावर दिसत होता तो आकडा वायरीतून येतच नव्हता. तो आधी कधीतरी आलेला होता आणि तिथेच बसून राहिला होता. आणि पोटाला चिकटवलेल्या त्या प्रोबच्या वायरीपासून पडद्यावरच्या आकड्यापर्यंतचा जो रस्ता होता, त्यातला मधला टप्पा जयाने लिहिलेला होता.

स्कूटी सुरू करताना तिच्या लक्षात आलं की आपण घराकडे वळत नाही आहोत. पाईपलाईन रोडवरच्या फ्लॅटमध्ये आई वाट बघत असेल, भाकरी थापून. तिने फोन केला नाही. एमआयडीसीच्या रस्त्याला लागल्यावर मात्र तिने गाडी कडेला घेऊन कंपनीतल्या तिच्या सीनियर भागवत सरांना फोन केला. "सर, कंपनीत येता का? वॉर्मरचं आहे." सरांनी काय झालं असं विचारलं नाही. "निघालो," म्हणाले. त्यांच्या आवाजामागे कुकरची शिट्टी वाजत होती.

वॉर्मर म्हणजे तशी साधीच वस्तू. कमी वजनाची, दिवस भरण्याआधी झालेली बाळं स्वतःची ऊब धरून ठेवू शकत नाहीत. त्यांना उघड्या पाळण्यासारख्या गादीवर ठेवायचं, वर तापणारी कांडी, पोटावर एक चपटं बटण चिकटवायचं, तोच प्रोब. बाळ थंड झालं की कांडी जास्त तापते, गरम झालं की कमी. कंपनी लहान होती, नागापूरच्या शेडमध्ये बसून खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांसाठी हे वॉर्मर बनवायची. भागवत सरांनी त्याचा सगळा प्रोग्राम फार वर्षांपूर्वी सी भाषेत लिहिला होता, आणि तो चालत होता. कांडी, अलार्म, पडदा, बटणं, सगळं त्यांचं. मग नवे प्रोब आले, त्यांच्या आकड्यांमध्ये खोटे-खरे निवडायचे झाले, गणित वाढलं, आणि ते गणित जयाने रस्ट या नव्या भाषेत लिहावं असं ठरलं. नाव ऐकून भागवत सर हसले होते. "रस्ट म्हणजे गंज ना? इतकी वर्षं मशीनला गंज लागू नये म्हणून मरतोय आम्ही." पण त्यांनी विरोध केला नाही. त्यांचा प्रोग्राम तसाच राहणार होता. त्याने फक्त जयाचं एक फंक्शन, म्हणजे तिच्या प्रोग्रामचा एक तुकडा, बोलवायचं होतं, तापमान सांग म्हणून.

आणि जयाला तेव्हा त्या कामाचा कैफ चढला होता. रस्टमध्ये काही विसरूच देत नाहीत. एखादं उत्तर येईल किंवा येणार नाही अशी स्थिती असेल, तर दोन्हींचं काय करणार ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लिहिलेलं तपासून मशीनच्या भाषेत नेणारा कंपायलर दारात आडवा पडतो. तिला ते आवडायचं. आयुष्यात कुणीतरी असं आडवं पडायला हवं होतं असं तिला वाटे. पण फंक्शन सीला वापरू द्यायचं म्हणजे रस्टच्या घराबाहेर पाऊल टाकायचं. नावाची मोडतोड करू नको असं कंपायलरला बजावायचं, नाहीतर सीला ते सापडत नाही. आपल्या नीटस, बंदिस्त गोष्टी मोडून साधे आकडे करायचे, कारण पलीकडे आकड्यांशिवाय काही पोचत नाही. आणि शेवटी हेडर नावाच्या छोट्या फाईलमध्ये एका ओळीत सांगायचं, हे असं नाव, हे एवढं द्या, हे एवढं मिळेल. उंबऱ्यापर्यंत सगळी खात्री. उंबऱ्यापलीकडे माणसावर भरवसा. तिने तेव्हा यावर फार विचार केला नव्हता. पलीकडे भागवत सर होते.

शेडमध्ये पोचली तेव्हा रखवालदाराने कुलूप काढून ठेवलेलं होतं. टेस्टिंगच्या खोलीत एक वॉर्मर कायम उभा असे. गादीवर बाळाच्या जागी पाण्याची रबरी पिशवी. जयाने तो चालू केला आणि प्रोब पिशवीला चिकटवला. आकडा चढत चढत छत्तीसच्या पुढे गेला आणि स्थिरावला. तिने वायर पूर्ण उपटली. क्षणभरात अलार्म किंचाळला. तो किंचाळणारच होता. हे तर तपासलेलंच होतं, दर वेळी तपासत, मशीन बाहेर पडण्याआधी. वायर आहे किंवा नाही. अर्धी असण्याचा विचार कुणी केला नव्हता.

भागवत सर आले. घरातल्या लेंग्यावरच शर्ट चढवून आले होते. ते तिच्या शेजारी उभे राहिले, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. जयाने वायर परत जोडली, आकडा बसू दिला आणि मग पिनेजवळचा स्क्रू थोडा ढिला केला, अगदी थोडा, आणि वायर बोटाने हलवली. छत्तीस पॉइंट पाच. तिने पिशवीवरून प्रोब काढून हवेत धरला. छत्तीस पॉइंट पाच. टेबलावरचा पाण्याचा थंड पेला घेऊन प्रोब त्यात बुडवला, वायर हलवत राहिली. छत्तीस पॉइंट पाच. वरची कांडी मंद झाली होती, तिच्या मते खाली सगळं उबदार होतं. अलार्म गप्प होता. खोलीत पंख्याचा आवाज होता फक्त. आणि तो आकडा, हिरवा, ठसठशीत, निरोगी आकडा.

"गोठलंय," भागवत सर म्हणाले.

जया खुर्चीवर बसली. तिला आता कळत होतं. कळण्याला वेळ लागला नाही, आणि त्याचीच भीती वाटली, की इतकं जवळ होतं हे. तिचं फंक्शन सुरुवातीला दोनच उत्तरं द्यायचं. एक म्हणजे नवा आकडा मिळाला, दिलेल्या जागी लिहून ठेवलाय, घ्या. शून्य म्हणजे मिळाला नाही. शून्य आलं की सरांचा अलार्म वाजायचा. मग दिवाळीनंतर कधीतरी तिच्या मनात आलं होतं, की आपल्याच गणितात काही अघटित घडलं तर? रस्टचा प्रोग्राम असा अडला की तो तिथेच कोसळतो, आणि ते कोसळणं सीच्या बाजूला जाऊ द्यायचं नसतं. तिकडे काय होईल याचा नेम नाही. म्हणून तिने उंबऱ्यावर जाळी लावली होती. आत काही कोसळलं तर ते झेलायचं आणि बाहेर एक तिसरं उत्तर द्यायचं. वजा एक. वजा एक म्हणजे धोका. ती सुधारणा होती. बाळ सुरक्षित राहावं म्हणूनच केलेली. आणि ढिल्या वायरीतून असे वेडेवाकडे आकडे आले की सगळेच खोटे ठरून बाद होत, मागे एकही उरत नसे, आणि नसलेल्या आकड्याला हात घालायला गेलेलं तिचं गणित कोसळत असे, आणि जाळी ते झेलत असे, आणि वजा एक बाहेर जात असे. सगळं तिने योजलं होतं तसंच.

"सर, तुमच्या बाजूला कसं तपासलंय? माझं उत्तर?"

भागवत सरांनी उभ्या उभ्याच त्यांच्या कॉम्प्युटरवर ती जागा काढली. "इफ," ते म्हणाले आणि थांबले. नुसतं इफ होतं, नुसतं 'जर'. कितीच्या बरोबर, कितीच्या वर, काही नाही. सीमध्ये शून्य म्हणजे नाही. शून्य सोडून जे काही असेल ते सगळं हो. एकही हो, शंभरही हो, आणि वजा एकही हो. तिचं फंक्शन धोका धोका म्हणून सांगत होतं आणि पलीकडे ते दर वेळी हो असं ऐकू जात होतं. हो, नवा आकडा आहे. आणि ज्या जागी नवा आकडा लिहिलाच गेला नव्हता तिथला जुना आकडा उचलून सी पडद्यावर मांडत होता.

जयाला वाटलं आपण उठून काहीतरी करावं, दुरुस्त करावं, एका ओळीचं काम आहे. पण हात उचलेनात. तिच्या डोळ्यांपुढे का कोण जाणे सीमेपलीकडचा तो दवाखाना आला. साखर कारखान्याच्या मागचा, पत्र्याचा. ती लहान होती. पाथर्डीकडची त्यांची टोळी त्या वर्षी ऊस तोडायला कर्नाटकात गेली होती आणि आई तापाने फणफणली म्हणून मुकादमाने ट्रॅक्टरवरून तिला दवाखान्यात सोडलं होतं, सोबत जया. पांढऱ्या कोटातला माणूस कानडीत काहीतरी विचारत होता. आई मान डोलावत होती. त्याने पुन्हा काही विचारलं, जरा काळजीने, बोटाने सुईकडे दाखवत; ही सुई तुला चालते ना, असंच असावं ते. आईने पुन्हा मान डोलावली. पांढऱ्या कपड्यातल्या माणसापुढे मान डोलवायची असते, एवढंच तिला ठाऊक होतं. जयाला त्या माणसाचा चेहरा कळत होता, तो चेहरा नाही या उत्तराची वाट बघत होता, आणि ती आईचा पदर ओढत होती, पण काय सांगायचं ते तिलाही माहीत नव्हतं. सुई घेऊन परत येताना ट्रॅक्टरवर आईच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. आई वाचली. वडील पुढे कित्येक वर्षं ती गोष्ट हसत सांगायचे, "तुजी माय कानडीत व्हय म्हनली." सगळे हसायचे, आईसुद्धा. जया कधी हसली नाही. तिला अजूनही कधी कधी तो शिट्टीसारखा श्वास ऐकू येई, फ्लॅटमध्ये, आई दुसऱ्या खोलीत झोपलेली असताना, आणि ती दाराशी जाऊन उभी राही.

"जया," भागवत सर म्हणत होते. "पाणी पी."

ती प्यायली. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "सर, वजा एकचं मी तुम्हाला सांगितलं होतं का?"

कारण तिला आठवत होतं. कँटीनबाहेर, चहाच्या पिंपाशी, सर स्वेटर घालून उभे होते आणि ती म्हणाली होती, सर, आता मायनस वन पण येईल हं. आणि सर चालेल म्हणाले होते. इतकं स्पष्ट आठवत होतं की सरांच्या स्वेटरचा उसवलेला काठही दिसत होता. पण मग तिला वाटलं, दिवाळीनंतर लगेच स्वेटर कुठला? थंडी तर संक्रांतीच्या सुमाराला पडली. मग ते दुसऱ्याच कशाबद्दलचं बोलणं असेल. किंवा ते बोलणं झालंच नसेल आणि आत्ता, या खुर्चीवर बसल्या बसल्या, मन ते शिवत असेल, स्वेटरसकट. तिने डोळे मिटून पाहिलं. पिंपाच्या तोटीखाली सांडलेला चहा, त्यावर माश्या. चालेल, असा सरांचा आवाज. पण सर दिवसातून कितीदा तरी चालेल म्हणायचे. तो आवाज तिने कुठूनही उचलून आणला असता.

भागवत सर बराच वेळ पडद्याकडे बघत होते. "सांगितलं होतंस," ते म्हणाले. "मीच बदल करायचा विसरलो."

"खरंच आठवतं तुम्हाला?"

"सांगितलं होतंस म्हणालो ना." त्यांनी चष्मा काढून लेंग्याला पुसला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसला. ते लवकरच निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कोण, याची कंपनीत कुजबुज होती आणि त्यात जयाचं नाव होतं. ते खरं बोलताहेत की तिला वाचवताहेत, हे त्यांच्या तोंडाकडे बघून तिला कळेना. आणि आपल्याला काय हवंय तेही कळेना. सांगितलं असेल तर सुटका होती. पण ती सुटका सरांच्या हातातून घ्यायची होती, आणि ते ती देत होते, सहज, टेबलावरचं पेन पुढे सरकवावं तशी.

सरांनी फोन केला तसे आप्पासाहेब, कंपनीचे मालक, अर्ध्या तासात आले. माणूस वाईट नव्हता. लग्नाला गेले होते, कपाळावर गंध तसंच होतं. त्यांनी रबरी पिशवी, थंड पाण्याचा पेला आणि छत्तीस पॉइंट पाच पाहिलं आणि त्यांचा हात आपोआप गंधाकडे गेला. "बाळ बरं आहे ना पण?" पहिला प्रश्न त्यांनी तोच विचारला, आणि जयाला त्यांच्याबद्दल बरं वाटलं. दुसरा विचारला, "हे झालं कुणाकडून?"

"माझ्याकडून," भागवत सर म्हणाले. "तिनं मला सांगितलं होतं. मी लक्ष दिलं नाही."

आता नुसतं गप्प बसलं की झालं, जयाला वाटलं. गप्प बसणं म्हणजेही हो. ती म्हणाली, "मला सांगितल्याचं आठवत नाही, साहेब. सरांना आठवतं म्हणतात, मला नाही. आणि सांगितलं असलं तरी नुसतं चहा पिता पिता सांगायची गोष्ट नव्हती ती. सरांच्या बाजूला ते कसं ऐकलं जातंय ते मी बघायला हवं होतं. मी बघितलं नाही. माझ्या बाजूला सगळं बरोबर होतं म्हणून मी बघितलं नाही."

भागवत सरांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, जरा थकून.

"बरं, ते राहू द्या," आप्पासाहेब म्हणाले. "दुरुस्तीला किती वेळ?"

"दुरुस्ती आत्ता होईल. पण मशीनं बाहेर आहेत, साहेब. दिवाळीनंतर गेलेली सगळी. त्यांच्याखाली आत्ता बाळं असतील."

"सगळ्यांच्या वायरी थोड्याच ढिल्या आहेत. आपण माणसं पाठवू. या आठवड्यात सगळीकडे जाऊन येतील, सर्व्हिसिंग म्हणून. एकदम फोन केले तर लोक घाबरतील, पोरी. उद्या एकही मशीन कुणी घेणार नाही. इथं इतकी घरं चालतात."

ते खोटं नव्हतं. ती घरं जयाला माहीत होती. जोडणी विभागातल्या बायका, त्यांची पोरं, त्यांतल्या एकीचं लग्न ठरलं होतं. तिचं मन क्षणभर खरंच डळमळलं. आठवडाभरात काय होणार आहे. बहुतेक काहीच नाही. बहुतेक. आणि मग तिला पंकजा सिस्टरचा आवाज आठवला, होतं असं कधी कधी मशीनचं, आणि तिच्या लक्षात आलं की कुठेतरी दुसऱ्या एखाद्या दवाखान्यात या क्षणी कुणीतरी असंच समजुतीनं त्या आकड्याकडे बघत असेल आणि पाय हातात घेणार नाही, कारण आकडा चांगला आहे. तिने सर्व्हिसचा मोबाईल टेबलावर ठेवला आणि पहिला नंबर लावला. काष्टीच्या दवाखान्याचा. घंटी वाजत असताना तिला वाटत होतं की आप्पासाहेब आता फोन हिसकावून घेतील.

"हॅलो, वॉर्मरच्या कंपनीतून बोलतेय. वॉर्मरवर बाळ आहे का आत्ता? मग ऐका. पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. हाताने बघा. थोड्या थोड्या वेळाने काखेत थर्मामीटर लावा, तळपायांना हात लावा. आम्ही दुरुस्त करून देईपर्यंत मशीनचं खरं मानू नका." स्वतःच्या तोंडून ते शेवटचं वाक्य ऐकताना तिला कसंतरीच झालं. पलीकडचा डॉक्टर चिडला, ओरडला, मग बाळाकडे गेला.

आप्पासाहेबांनी फोन हिसकावला नाही. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. भागवत सरांनी आपला मोबाईल काढला आणि विचारलं, "मिरजगाव तू करतेस की मी करू?"

संध्याकाळपर्यंत ते फोन करत राहिले. एका ठिकाणी तिला शिव्या बसल्या, एका ठिकाणी लोकांनी आभार मानले, आणि शिव्यांपेक्षा आभार सोसायला कठीण गेले. कुठलंही बाळ गार पडलेलं नव्हतं. प्रत्येक वेळी पलीकडचं माणूस बघून येतो म्हणून फोन ठेवून जाई आणि मधल्या त्या शांततेत जयाला फक्त दूरच्या खोलीतले आवाज ऐकू येत, भांडं पडल्याचा, कुणाच्या तरी खोकल्याचा. घरी आली तेव्हा आईने ताट वाढलं. जेवताना आई एकदम म्हणाली, "तुजे हात का गं असे गार?" जयाने हात ताटाखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी ती आणि भागवत सर कंपनीच्या गाडीतून राजूरला गेले. संगमनेर सोडल्यावर, अकोले गावाच्या पुढे डोंगर जवळ आले तशी तिची भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. फोनवरचं बाळ हे अजून शब्द होतं. आता ते दिसणार होतं. भागवत सर खिडकीबाहेर बघत होते. मध्येच म्हणाले, "काल तू बोललीस ते बरं झालं. पण तू मला सांगितलं होतंस." हे पुन्हा कधी विचारायचं नाही, असं तिने ठरवलं, आणि ठरवतानाच कळलं की ती स्वतःला हे रोज विचारणार आहे.

दवाखाना बाजाराच्या रस्त्यावर होता, डॉक्टरांच्या घराच्या खालीच. पंकजा सिस्टर तिच्या आवाजापेक्षा वयाने लहान निघाली. वॉर्मर कोपऱ्यात बंद उभा होता, वर पांढरी चादर. खाटेवर एक तरुण मुलगी भिंतीला टेकून बसली होती, निकिता तिचं नाव, डोंगरावरच्या वाडीतून आलेली. तिच्या पोलक्यात, शालीच्या आत बाळ होतं. बाहेर फक्त डोक्याचा काळा तेलकट गोळा दिसत होता, नारळाएवढाही नाही. जयाने तिकडे पाहिलं आणि लगेच नजर मशीनकडे वळवली.

काम थोडंच होतं. नवा प्रोग्राम चढवला. आता सरांच्या बाजूला एक म्हणजेच हो होतं, दुसरं काहीही आलं की नाही; आणि जयाच्या बाजूला तिने फंक्शन सुरू होताक्षणी ती जागा पुसून टाकायची सोय केली होती, म्हणजे जुना आकडा तिथे राहूच नये. भागवत सरांनी नवी वायर लावण्याआधी जुनीच ढिली वायर हलवली. पडद्यावरचा आकडा गेला, आडव्या रेघा आल्या, आणि अलार्म इतक्या जोरात किंचाळला की शेजारच्या खोलीतलं माणूस दाराशी आलं. शालीतलं बाळ दचकून रडायला लागलं. बारीक, मांजराच्या पिल्लासारखं. सगळे अलार्म बंद करा म्हणत होते आणि जयाला तो आणखी ऐकायचा होता.

मग नवी वायर, नवा प्रोब. वॉर्मर तापला. सिस्टर निकिताजवळ गेली. "आण गं त्याला. झालं दुरुस्त."

"न्हाई," निकिता म्हणाली.

"अगं, साहेब लोक नगरहून आलेत त्याच्यासाठी. तूही जरा आडवी हो. रात्रभर बसलीयेस."

"न्हाई सिस्टर. त्याच्यावर तवाबी आकडा चांगलाच हुता." तिने शाल आणखी घट्ट केली. आवाज चढवला नव्हता. डोळ्यांखाली काळं पडलं होतं, मान झोपेने मध्येच कलत होती आणि ती दचकून सावरत होती.

भागवत सर हत्यारं पिशवीत भरायला लागले. जयाला वाटलं, काहीतरी समजावून सांगावं, काय बिघडलं होतं, कसं नीट केलं. आणि तिच्या ध्यानात आलं की सांगण्यासारखा एकही शब्द तिच्याजवळ नाही, जो या मुलीपर्यंत पोचताना दुसराच काहीतरी होणार नाही. ती खाटेजवळ जाऊन खाली बसली, फरशीवर. जवळून बाळाला दुधाचा आणि तेलाचा वास येत होता.

निकिता तिच्याकडे बघत राहिली. "तुमी बनवलंय व्हय त्ये?"

"हो," जया म्हणाली. "आम्ही. काल बिघडलं ते माझंच काम होतं."

"आन आता?"

जयाने तोंड उघडलं. आता बरोबर आहे, शंभर टक्के, असं म्हणायचं होतं. सकाळपासून तिने ते किती प्रकारे तपासलं होतं. "आता मला बरोबर वाटतंय," ती म्हणाली. "पण कालही वाटत होतं."

सिस्टरने भुवया उंचावल्या. भागवत सरांचा हात पिशवीत थांबला. निकिताने बाळाच्या डोक्यावर ओठ टेकवले, शालीची गाठ सोडली.

"मंग तुमी हितंच बसा," ती म्हणाली. "मी लई दमलेय. तुमी हाय तवर ठिवते. त्याच्या पायाला हात लावून बसा."

सिस्टरने बाळ उचलून गादीवर ठेवलं, पोटावर प्रोब चिकटवला. पडद्यावर आकडा चढायला लागला. भागवत सर दाराशी घुटमळत होते. उन्हं उतरायच्या आत परत निघायचं होतं. जयाने त्यांना मान हलवून नाही म्हटलं, मग तोंडानेही सांगितलं, "तुम्ही जा सर. मी उद्या एसटीने येते." तिने चपला काढून स्टुलाखाली सारल्या, स्टूल पुढे ओढलं, बाळाचे दोन्ही तळपाय मुठीत घेतले. निकिता भिंतीकडे तोंड करून झोपली.